पिसाळीचा खेळ

पोफळीची विरी झाडावरून सुटली की आधी वर सर्र असा आवाज व्हायचा आणि मग खाली धप्प. तो धप्प ऐकला की मी आणि माझा धाकटा भाऊ दिगू हातातलं काम टाकून घरामागच्या आगरात पळत सुटायचो. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा बुडाकडचा रुंद, चिवट, आतून गुळगुळीत भाग. एकाने त्यात मांडी ठोकून बसायचं आणि दुसऱ्याने झावळीची शेपटी खांद्यावर घेऊन ओढत पळायचं. पावसाळ्यात आगरातली जमीन शेवाळलेली, त्यामुळे विरी अशी घसरायची की बसणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. आमच्या मागच्या दारापासून विहिरीपर्यंत, विहिरीला वळसा घालून फणसापर्यंत आणि फणसापासून गडग्यापर्यंत, म्हणजे शेजाऱ्यांच्या आणि आमच्या आगरामधल्या चिऱ्याच्या भिंतीपर्यंत, असा आमचा रस्ता ठरलेला होता. आणि विरीच्या मागे जिवाच्या आकांताने भुंकत आमचा टिप्या. त्या खेळाला आम्ही पिसाळी म्हणायचो. विरीत बसलेल्याने "पिसाळला रे पिसाळला!" अशी आरोळी ठोकायची आणि ती ऐकली की टिप्याने, असेल तिथून, धावत सुटायचं. शेजारच्या वाडीतली पोरंही गडग्यावरून उड्या मारून खेळायला यायची. टिप्याला स्वतःचं नाव जितकं कळायचं त्याहून ही आरोळी जास्त कळायची. नावाने हाक मारली तर कधी यायचा, कधी एक कान हलवून पडून राहायचा. पिसाळला म्हटलं की मात्र तीर.

आमचं घर मालगुंडच्या अलीकडे, समुद्राच्या आवाजात पण समुद्र न दिसणारं. वडील मुंबईला गिरणीत. घरात आई, वडिलांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, आणि धाकटे भाऊकाका. भाऊकाकाही आधी गिरणीत होते, पण पट्ट्यात पाय सापडून अधू झाला तेव्हा ते गावी परत आले आणि आगराचं शिंपणं, नारळ-सुपारी बघू लागले. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि कुत्र्यांचं भारी वेड. पिसाळीचे नियम त्यांनीच घालून दिले होते आणि ते मोडले तर पाठीत धपाटा बसायचा. विरीच्या मागे काथ्याच्या लांब दोरीने नारळाचं सोडण, वरची सुकी साल, बांधायचं, म्हणजे टिप्याने ते सोडण पकडावं, विरी किंवा आमची ढुंगणं पकडू नयेत. टिप्याच्या तोंडातली वस्तू हाताने ओढायची नाही. खाली पडलं तर उठून पळायचं नाही, गुडघे पोटाशी घेऊन कासव व्हायचं. आणि काकांनी टाळी वाजवून "झाड!" म्हटलं की जो जिथे असेल त्याने तिथे हात अंगाला चिकटवून झाड व्हायचं, हसायचं नाही, टिप्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. आम्ही झाडं झालो की टिप्या आमच्या भोवती एकदोन फेऱ्या मारायचा, जीभ लोंबवत आमच्याकडे बघायचा आणि विहिरीच्या पन्हळीला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायचा. खेळ संपला. काका म्हणायचे, "कुत्र्याचा खेळ आनि कुत्र्याचा चावा, मधी एक बोटाचं अंतर. ते बोट तुमी सांभालायचं, त्याला मोजता येत नाय."

मी आता ठाण्याला मुलाकडे असते. नातीने एक कुत्रा पाळलाय, त्याला रबराचं हाडूक, दोरीचा चेंडू, वाढदिवसाला टोपी. ती मला शिकवते, "आजी, त्याच्या तोंडातून ओढायचं नाही हं, त्याला सोड म्हणायचं." मी हो हो म्हणते. म्हातारं माणूस काही तरी शिकतंय याचा पोरांना आनंद होतो, तो कशाला घालवा.

आईला टिप्या आवडत नसे. उंबऱ्याच्या आत त्याचं पाऊल दिसलं की हातात असेल ते भिरकावायची, आणि नेम बरा होता. "मानसांच्या तोंडात घालायला नाय आनि ह्या मेल्याला भाकरी," हे तिचं रोजचं. पण त्याची भाकरी कधी चुकली नाही हेही खरं. त्या वर्षी मात्र तिला खरोखरच तो डोळ्यांसमोर नको झाला होता, कारण आषाढात डोंगराकडच्या एका गावात पिसाळलेला कोल्हा शिरला होता. एका घरची म्हैस लाळ गाळत मेली, म्हशीचं दूध प्यालेल्या घरात रडारड माजली, आणि त्याच सुमाराला आमचा टिप्या एका सकाळी फाटका कान घेऊन घरी आला. कशाशी झोंबला होता देव जाणे. काका म्हणाले, मांजर असेल. आई म्हणाली, असेल. पण ती त्या दिवसापासून त्याला लांबूनच भाकरी टाकू लागली.

नागपंचमीचा दिवस होता. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, जमीन खणायची नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. कुणाही जिवाला लोखंड लागू द्यायचं नाही. विळी आणि कोयते आदल्या दिवशीच उचलून ठेवलेले. आई सकाळपासून पातोळे करत होती. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून, त्यात गूळखोबरं घालून पान मिटायचं आणि मोदकपात्रात रचायचं. ते उकडू लागले की हळदीच्या पानांचा वास मागच्या दारातून थेट विहिरीपर्यंत येतो. तो वास आजही मला कुठे आला तर आधी भूक लागते आणि पाठोपाठ टिप्या आठवतो. पावसाने जरा उघडीप दिली होती. मी विरी ओढत होते, दिगू आत बसून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "पिसाळला रे पिसाळला!" आणि टिप्या मागून उधळला होता. फणसाच्या मुळावर आपटून काथ्याची दोरी तुटली. सोडण उसळून विरीच्या काठाशी आलं. मला ते दिसलं नाही, मी पुढे तोंड करून पळत होते. दिगूने हात लांबवून ते सोडण उचललं आणि स्वतःच मागे धरून राहिला, कारण खेळ थांबलेला त्याला कसा चालावा? तो सात वर्षांचा होता. टिप्याने झेप घेतली ती सोडणावरच, पण दात बसला दिगूच्या अंगठ्याखाली.

"पिसाळला रे! चावला! आई गो, चावला!" हे शब्द जसे दिगूच्या तोंडातून निघाले तसेच गडग्यापलीकडे शेवग्याची पानं ओरबाडणाऱ्या सखूकाकूच्या कानात पडले. तिने पुढचं मागचं काही ऐकलंच नाही. पानं तिथेच टाकून "अगो बाय, टिप्या पिसाळला, पोराला चावला!" असं ओरडत ती जी धावली ती वाडीच्या त्या टोकापर्यंत. तिला दोष देत नाही. आरोळी तिने रोजच ऐकलेली. पण रोजच्या आरोळीत चावला हा शब्द नसायचा, आणि म्हैस मेल्यापासून सगळेच कान टवकारून होते. काकांनी "झाड!" म्हणून ओरडताच मी थिजून उभी राहिले. टिप्या तोंडातलं सोडण टाकून शेपटी पोटात घालून बसला होता, आपलं काही तरी चुकलं हे त्याला आमच्याआधी कळलं होतं. काकांनी दिगूला काखोटीला मारून विहिरीवर नेलं आणि साबणाने जखम धू धू धुतली. पाणी लाल व्हायचं थांबत नव्हतं.

काका धूत असतानाच वाडी जमली. पुढे सखूकाकूचा नवरा रामजी, हातात दांडकं. मागे आणखी पुरुष, कोयते, पहारी, एकाच्या हातात तर होडीचं वल्हं. बायका गडग्याच्या पलीकडे. आई पिठाच्या हातांनी बाहेर आली, दिगूचा हात पाहिला आणि मटकन विहिरीच्या कट्ट्यावर बसली. मला वाटलं, आता हीच म्हणेल मारा मेल्याला. रामजी म्हणाला, "वैनी, बाजूला व्हा. कुत्रा आता ठेवायचा नाय." काका सांगत होते की तो खेळातला शब्द हो, पोरं रोज तेच ओरडतात, पण ज्याच्या घरचा कुत्रा त्याचं कोण ऐकतो? "आनि कान कुनी फाडला व्हता त्याचा?" रामजीने विचारलं.   आई त्याच पिठाच्या हातांनी उठली आणि टिप्या आणि रामजी यांच्या मधे जाऊन उभी राहिली. "आज पंचमी हाय," ती म्हणाली. "माज्या आगरात आज लोखंड उचलायचं नाय. चावलाय तो माज्या पोराला, तुमच्या नाय. आज रगत सांडून माज्या पोरावर नागाचा कोप आनताव काय?" माणसं एकमेकांकडे बघू लागली. पहारी खाली आल्या. पंचमी नसती तर त्या दिवशी टिप्या तिथेच संपला असता, आणि पुढचं सगळं वेगळं झालं असतं. बरं की वाईट ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. टिप्याला फणसाला साखळदंडाने बांधायचं आणि सकाळी बघायचं, असं ठरून लोक परतले. पातोळे कुणी खाल्ले नाहीत.

सकाळी काका आणि आई दिगूला घेऊन दवाखान्यात गेली, मी हट्टाने मागून. डॉक्टर घाटावरचे, बोलायला तुटक. त्यांनी काचेच्या कांडीने जखमेत औषध भरलं, तेव्हा दिगू असा किंचाळला की बाहेरची माणसं उठून गेली. मग ते आईला म्हणाले, "कुत्रा मारला नाहीत ना? मारू नका."  ते सांगू लागले की लस आहे, पण ती मुंबईला. आणि मुंबईची बोट नारळी पौर्णिमेआधी सुटत नाही. घाटाने जावं तर दरड कोसळून मोटारी बंद. "तेव्हा कुत्र्यावरच नजर ठेवायची. त्याला बांधा, खायला घाला, पाणी पितो का बघा. पौर्णिमा होईपर्यंत तो चांगला राहिला, तर चावला त्या दिवशी त्याच्या तोंडात विष नव्हतं. मुलाला काही होणार नाही. पण कुत्रा त्याआधी मेला, तर मग काही म्हणून थांबू नका, डोलीत घालून घाट चढा." आईने विचारलं, "म्हंजे कुत्रा जगला तर पोर जगेल?" डॉक्टर म्हणाले, "तसंच समजा." दिगू तिच्या मांडीवर हुंदके देत होता. त्याचं रडणं तेवढ्यापुरतं थांबलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात पिसाळ हा शब्द कुणी काढायचा नाही अशी आईची सक्त ताकीद होती. पीस, पिसू, पिसवी असले शब्दसुद्धा आम्ही गिळायचो. आणि जिने आयुष्यभर टिप्यावर काठ्या फेकल्या तीच आई दिवसातून दहादा फणसाखाली जाऊ लागली. सकाळी चूल पेटवण्याआधी टिप्या. दिगूला न्हाऊ घालण्याआधी टिप्या. आत्या कुजबुजायची, "देवाला येवढी गेली असती तर!" टिप्या जन्मात कधी बांधला गेला नव्हता. साखळीला हिसके देऊन देऊन त्याची मान सोलवटली आणि मग तो नुसताच पडून राहिला. भाकरीला तोंड लावेना. कण्हायचा, मध्येच मान वर करून रडायचा. डॉक्टरांचं ऐकून रामजीने दांडकं आवरलं होतं, पण गडग्यापलीकडून तो रोज विचारायचा, "मेला काय?" त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण आईच्या कानाला तो प्रश्न दिगूबद्दल विचारल्यासारखा ऐकू यायचा. ती उत्तर द्यायची, "जेवतोय चांगला." खोटं. दिगूला तिने पडवीत माझ्या नजरेखाली ठेवलं होतं. तो जरा शिंकला, जरा खाकरला, तरी सगळ्यांचे हात थांबायचे.

दुधात भात कालवून झाला, गूळ झाला, अंडं झालं. शेवटी एका दुपारी आईने माळ्यावरचं मडकं काढलं आणि त्यातला खारा बांगडा चुलीत भाजायला घातला. श्रावणात! आमच्याकडे श्रावणात माशाचं नावसुद्धा घेत नसत. वास घरभर झाला तेव्हा आत्या जपमाळ हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच खांबाला धरून उभी राहिली. "वैनी, बाटवलंस गो घर! सरावनात?" आई म्हणाली, "वन्सं, देव मला काय तो दंड करूदे. तो मी भरीन."  आत्याने आतून केळीचं पान आणून दिलं, बांगडा वाढायला. मला हे आठवलं की आत्याचे सगळे टोमणे माफ करावेसे वाटतात. टिप्याने बांगडा हुंगला, एक तुकडा चाटला आणि डोकं पंजांवर ठेवलं. शेजारी मातीच्या परळात ठेवलेलं पाणी जसंच्या तसं. पावसाचं साचलेलं चाटत असेल नसेल, पण परळ पुढे केला की तो मान फिरवायचा. "पान्याला भितोय," सखूकाकू गडग्यावरून म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन रडू लागली. पाण्याला भितो, याचा अर्थ लहान पोरालाही माहीत होता. पडवीत बसलेल्या दिगूलाही.

त्या दुपारी आई चुलीपुढे बसून राहिली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "गोदे, मला आता हे सोसवत नाय. काय ते एकदा कळूदे." तिच्या आवाजात रडणं नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. मग ती उठली, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि आगरात जाऊन एक ओली विरी उचलली. तिने काकांसारखंच सोडण शोधलं, लांब दोरीने विरीला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. काका कुडाआडून लंगडत धावले. "वैनी, डोकं फिरलं काय? अंगावर आला तर?" ती म्हणाली, "आला तर कळंल ना, भावजी." साखळीच्या टप्प्याबाहेर ती उभी राहिली. सोडण मात्र टप्प्याच्या आत पडेल असं तिने टाकलं. झावळीची शेपटी दोन्ही हातांत धरली, तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. जो शब्द घरात उच्चारायला तिने बंदी केली होती तोच तिला म्हणायचा होता. दुसऱ्या खेपेला ओरडली. ती आरोळी आमच्यासारखी नव्हती. घरात कुणी गेल्यावर बायका ओरडतात तशी होती. "पिसाळला रे! पिसाळला!"

टिप्याचे कान उभे राहिले. तो उठला, चारी पाय थरथरत होते. साखळी ओढत पुढे आला आणि सोडणावर झेपावला. आई विरी घेऊन मागे सरकली, तो ओढू लागला, गुरगुरला, शेपूट अशी हलत होती की मागचा अर्धा कुत्रा हलत होता. माझी आई, आयुष्यात कधी न खेळलेली, पावसात भिजत कुत्र्याशी विरी खेळत होती आणि तिच्या तोंडून सारखा तोच शब्द निघत होता. काकांनी टाळी वाजवली. "झाड, वैनी, झाड!" आई हात अंगाला लावून ताठ उभी राहिली, नजर जमिनीवर. टिप्या थांबला. धापा टाकत साखळी पुरेल तेवढी एक अर्धी फेरी मारली. मग त्याने मान विहिरीकडे वळवली. काकांच्या लक्षात आलं. ते जवळजवळ पडतच विहिरीकडे गेले आणि जुनी फुटकी पन्हळ ओढत आणून त्याच्यापुढे टाकली, तिच्यात कळशी रिकामी केली. टिप्या प्याला. तो पाणी पितानाचा लप् लप् आवाज ऐकत आम्ही सगळे उभे होतो, आणि आई पुटपुटत होती, "पी रे बाबा, पी. माज्या राजा, पी." त्याला खेळ झाल्यावर पन्हळीचं पाणी प्यायची सवय होती; परळातलं पाणी त्याला कधी पाणी वाटलंच नव्हतं.

मग रोज दुपारी तो खेळ झाला, आईच खेळायची, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. टिप्या बांगडा खाऊ लागला. पण भीती गेली असं नाही. एखाद दिवशी तो उशिरा उठायचा आणि आईचं तोंड काळं पडायचं. पौर्णिमा आली तेव्हा ती पंधरा वर्षांनी म्हातारी दिसत होती. त्या दिवशी गाव समुद्राला नारळ घालायला गेला. आई दोन नारळ घेऊन गेली. एक समुद्राचा, एक कुणाचा ते तिने सांगितलं नाही. परत आली, नारळीभात चुलीवर चढवला आणि ओल्या हातांनी फणसाखाली जाऊन टिप्याच्या गळ्यातली साखळी काढली. त्याच्या सोलवटलेल्या मानेवर खोबरेल लावलं. दिगू त्याच्या गळ्यात पडला. काकांनी सुद्धा झाड म्हटलं नाही.

टिप्या सुटला तो आधी आगराच्या चार कोपऱ्यांत जाऊन आला. मग गडग्यावरून उडी मारून गेला. इतके दिवस बांधलेलं जनावर, त्याला कोण थांबवणार? काका म्हणाले, येईल फिरून. शेजारच्या वाडीतली पोरं तिथल्या देवळापुढे नारळ आपटायचा खेळ खेळत होती. त्यांच्या घरी सगळ्यांनी बजावून ठेवलेलं होतं की तो कुत्रा पिसाळलाय, दिसला तर ओरडा आणि पळा. डॉक्टर काय म्हणाले, पौर्णिमेचं काय ठरलं, हे रामजीच्या घरापलीकडे गेलंच नव्हतं. वाईट बातमी आपल्या पायांनी जाते, चांगलीला कुणी तरी पोचवावं लागतं. पोरांनी टिप्याला पाहिलं आणि भीतीने किंचाळली, "पिसाळला रे, पिसाळला!"

तो त्यांच्याकडे धावला. दुसरं काय करणार? ही सगळी त्याच्याबरोबर विरी खेळलेली पोरं होती. काका पाय ओढत गडग्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांना लांबून दिसलं ते एवढंच, की टिप्या शेपूट हलवत धावतोय आणि समोरून माणसं दांडकी घेऊन येतायत. ते ओरडले, "अरे, तो खेळाला आलाय! मारू नका, खेळाला आलाय!" समुद्रावरून वारा उलटा होता. काकांनी मेलेल्या टिप्याला खांद्यावर टाकून आणलं आणि फणसाखाली उतरवलं. आई बाहेर आली, त्याच्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, जमिनीवर बसून मोठमोठ्याने रडली.

दिगू जगला, हे इथेच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. तो रेल्वेत नोकरीला लागला, त्याला नातवंडं झाली. पण त्या संध्याकाळी हे कुणाला माहीत होतं? आम्ही सगळे टिप्यापाशी असताना दिगूची आठवण आधी आत्याला झाली. तो पडवीत चटई पसरून, पाय सरळ करून, छातीवर हात ठेवून निजला होता. उशाशी त्याच्या गोट्यांची पिशवी. मला म्हणाला, "ताई, ह्या तू घे." आई धावत आली. "अरे, असं काय करतोस? पूर्निमा झाली ना बाळा. आता तुला काय होनार नाय." दिगू म्हणाला, "चंद्र कुठं उगवलाय अजून? कुत्रा जगला तर मी जगेन, तूच म्हनालीस." आईने त्याला समजावलं की टिप्याला आजार नव्हता, लोकांनी मारलं, ते वेगळं, याचा तुझ्याशी काही संबंध नाही. दिगूने पिशवी माझ्याकडे सरकवली. मग ती आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या त्याच्या ओठांना लावला. तो सगळं पाणी प्याला.

"भय वाटलं पान्याचं?" आईने विचारलं.

"नाय."

"मग? बघ, तुला काय सुदीक झालेलं नाय."

दिगूने ओठ पुसले आणि पुन्हा पाय सरळ करून निजला. "टिप्याला पन भय वाटत नव्हतं," तो म्हणाला.